ग्वाल्हेरच्या ‘लू’च्या झळांत आणि कोहऱ्याच्या धुक्यात घरातली झाडं जगवायची तर

जानेवारीतली सकाळ. खिडकीचा पडदा सरकवला आणि पाहते तो ॲग्लोनिमाची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. आदल्या संध्याकाळी झाड टवटवीत होतं. रात्री खोलीत हीटर होता, आम्ही स्वेटर काढून गप्पा मारत बसलो होतो. मग झालं काय? कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर होती आणि झोपताना मी रोजच्यासारखा जाड पडदा ओढून घेतला होता. खोलीची ऊब पडद्याच्या अलीकडे राहिली, झाड पलीकडे गारठलेल्या काचेला टेकून रात्रभर उभं. पुढच्या रात्री त्याच जागी तापमापक ठेवून पाहिला. पडद्याच्या अलीकडे १८ अंश, पलीकडे ७. मधे फक्त एक कापड.

तेव्हापासून मी ‘खोलीचं तापमान’ हा शब्द सोडून दिला. एकाच घरात पाच-सहा हवामानं नांदतात, आणि झाड त्यातल्या नेमक्या कुठल्या हवामानात उभं आहे ते कळल्याशिवाय बाकी सगळे उपाय वाया जातात. लश्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागातल्या वाड्यांत माणसं हे न मोजता ओळखून होती. वैशाखात दुपारी सगळे खालच्या अंधाऱ्या खोलीत, रात्री छतावर. थंडीत दहाचं ऊन आलं की मटार सोलायला सगळं घर पुन्हा छतावर. कुंडीला पाय नाहीत, तिला आपण हलवायचं, एवढाच फरक.

आणि ग्वाल्हेरात हलवावंच लागतं. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, जानेवारीत पहाटे तो ४-५ वर येतो, कधी त्याहीखाली. पुण्या-मुंबईच्या बहिणीने ‘आमच्याकडे तर काहीच करावं लागत नाही गं’ म्हटलं तर ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

आधी मोजा, मग कुंडी उचला

कमाल-किमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल तापमापक आणा, शक्यतो हवेतली आर्द्रताही दाखवणारा. तीन-चारशे रुपयांत मिळतो. भिंतीवर टांगू नका. कुंडीच्या काठाच्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही असा ठेवा. एका जागी तीन दिवस आणि तीन रात्री, मग पुढची जागा. रोज सकाळी रात्रीचं किमान आणि दुपारचं कमाल कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं, दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी. हे काम वर्षातून दोनदा करा, एकदा मेच्या मध्यावर आणि एकदा संक्रांतीच्या आसपास. बाकीचे महिने या दोन टोकांच्या मधे आपोआप बसतात.

मोजायला लागलात की घराबद्दलच्या समजुती बदलतात. माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचं छत पटियांचं, म्हणजे इथल्या दगडी फरशांचं आहे. मला वाटायचं की दुपारी तीनला ती सगळ्यात जास्त तापत असेल. मोजलं तर दुपारी तीनला ३८ आणि रात्री नऊला ३९! दगड दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर ते खोलीत सोडत बसतो. झाडाला रात्री गारवा हवा असतो, नेमकी तेव्हाच ती खोली तापलेली. त्या उन्हाळ्यात तिथल्या पीस लिलीला मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होते आणि तरी ती का रुसली हे मला कळत नव्हतं.

कुठलं झाड किती सोसतं

आपण घरात ठेवतो ती बहुतेक झाडं उष्ण प्रदेशातल्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. मनी प्लांट मूळचा पॅसिफिकमधल्या बेटाचा, अरेका पाम मादागास्करचा, ॲग्लोनिमा आग्नेय आशियाच्या पट्ट्यातला. तिथे वर्षभर हवा दमट, आणि दिवस-रात्रीत थोडाच फरक. म्हणून त्यांना १८ ते २७ अंश मानवतात, आणि रात्री दिवसापेक्षा तीन ते पाच अंश कमी असेल तर उत्तम. कारण असं की झाड दिवसा अन्न तयार करतं आणि रात्रंदिवस श्वास घेत ते खर्च करतं. उष्णता वाढली की हा खर्चही वाढतो. ढोबळ हिशोबाने दर १० अंशांना दुप्पट. रात्रही तापलेली राहिली तर दिवसभराची कमाई रात्रीत उडते. झाड मरत नाही, पण वाढतही नाही. नवं पान आलंच तर आधीच्यापेक्षा छोटं.

पस्तिशीच्या पुढे, त्यातही कोरड्या हवेत, पानं आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतात. पाणी वाचतं, पण अन्न तयार करायचं थांबतं आणि घाम आल्यासारखा पानाला मिळणारा गारवाही जातो. थंडीचं वेगळं. १०-१२ अंशांखाली या झाडांच्या पेशींची पातळ आवरणं घट्ट होऊ लागतात. जानेवारीत बरणीतलं तूप थिजतं तसंच. पेशीतलं पाणी झिरपतं, पान आधी काळपट-ओलसर दिसतं आणि मग गळतं. त्याला बर्फ पडावा लागत नाही. ७ अंशांची एक रात्र पुरते.

यावरून मी झाडांचे तीन गट करते. सगळ्यात लाडावलेली म्हणजे कॅलेथिया, ॲग्लोनिमा, डिफेनबाकिया, अँथुरियम: यांना १५ च्या खाली नेऊ नये. मधली म्हणजे मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली, मॉन्स्टेरा, अरेका: १२ पर्यंत कुरकुर करत तगतात. तिसरा गट काटकांचा: स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट कोरडे ठेवले तर १० पर्यंत तक्रार करत नाहीत. जेड, स्पायडर प्लांट आणि राफिस पाम थंडीत त्याहून काटक. स्पष्टच सांगायचं तर ग्वाल्हेरात पहिलंच झाड आणत असाल तर स्नेक प्लांट किंवा रबर प्लांट आणा. कॅलेथिया दुकानात फार देखणी दिसते, पण आपल्या मेमध्ये तिची पानं कडेने पापडासारखी होतात. मी दोनदा आणली. तिसऱ्यांदा आणणार नाही.

नर्सरीत विचाराल तर उत्तर ठरलेलं: ‘अंदर का पौधा है मैडम, अंदर रख दो.’ अंदर म्हणजे कुठे, हे विचारायचं राहूनच जातं.

उन्हाळा: होळीपासून तयारी

होळी झाली की पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडकीतल्या कुंड्या मागे घ्यायला लागा. एकदम नको, आठवड्याला दोन-तीन फूट. झाड मंद उजेडाची सवय हळूहळू लावून घेतं. एका दिवसात उजेडातून अंधारात टाकलं तर पानं पिवळी करून टाकतं. एप्रिलच्या मध्यापर्यंत सगळी झाडं उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीच्या खोलीत, आणि दुमजली घर असेल तर तळमजल्यावर आलेली असावीत. वाड्याची जाड भिंत असलेली खोली मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिथे दुपारी बाहेर ४५ असताना आत ३२-३३ राहतं. गरम हवा वर चढते, म्हणून कपाटाच्या माथ्यावर, उंच शेल्फवर किंवा टांगलेल्या टोपलीत उन्हाळ्यात काही ठेवायचं नाही. कुंड्या जमिनीवर. या दिवसांत दगडी फरशी गार असते, हा तिचा उपयोग.

दुसरं काम कुंडीचं. मुळांना पानांपेक्षा उष्णता कमी सोसते आणि कुंडीत त्यांना पळायला जागा नसते. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीवर दोन तास ऊन आलं तर कडेची माती हाताला चटका देते. चाळिशीच्या आसपास मुळांची टोकं मरायला लागतात. यावर आपल्याकडचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे माठ. झाडाची कुंडी तिच्याहून चार बोटं मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा, मधल्या जागेत वाळू किंवा नारळाचा काथ्या भरा आणि तो रोज सकाळी ओला करा. बाहेरच्या मातीतून पाणी उडतं आणि आतली कुंडी गार राहते, पिण्याचं पाणी राहतं तशीच. बाहेरच्या कुंडीला खाली भोक असू द्या, नाहीतर झाड तळ्यात उभं राहील. वर मातीवर वाळक्या पानांचा किंवा काथ्याचा दोन बोटं थर.

तिसरं काम पाण्याचं, आणि इथे बहुतेक घरं चुकतात. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी मेमध्ये दुपारी इतकं तापतं की हात धरवत नाही. ऑफिसातून येऊन संध्याकाळी सहाला तुम्ही तेच पाणी प्रेमाने झाडाला घालता. झाड सुकलेलं दिसतं म्हणून घातलेलं पाणी मुळं भाजून काढतं. माझी रीत अशी: रात्री झोपताना बादली भरून न्हाणीघरात ठेवायची आणि सकाळी सहा-साडेसहाला तेच पाणी घालायचं. दुपारी झाड मलूल दिसलं तर आधी बोट दोन पेरं मातीत घाला. आत ओल असेल तर पाणी नको, जागा बदला. उन्हाळ्यातलं मलूल पान म्हणजे प्रत्येक वेळी तहान नसते.

आता कूलर. नौतप्यात, मेच्या शेवटच्या आठवड्यात, हवा इतकी कोरडी असते की कूलर खरंच काम करतो. ४४ अंशांची कोरडी हवा ओल्या गवतातून येऊन खोली तिशीच्या आसपास आणते आणि ओलावाही देते. झाडांना आपल्यापेक्षा हे जास्त आवडतं. पण कूलरच्या झोताच्या समोर कुंडी ठेवायची नाही. सतत वारा लागला तर ओल्या हवेतही पान सुकतं. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, झोताच्या बाजूला ठेवा, आणि खिडकीची एक फट उघडी असू द्या म्हणजे हवा साचणार नाही. खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा ओला पडदा, असेल तर तिच्या आतल्या बाजूला दोन-तीन फुटांवरची जागा मनी प्लांटसाठी राखून ठेवा. पानांवर पाणी फवारायचं असेल तर सकाळी फवारा. त्याने होणारा गारवा दहा-पंधरा मिनिटं टिकतो, त्यामुळे त्यावर भिस्त नको. चार-पाच कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर त्या आपापसात ओलावा जास्त टिकवतात.

एसीच्या खोलीतली झाडं वेगळ्याच कारणाने हैराण होतात. २४ अंश त्यांना छान, पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि वीज गेली की तीच खोली दोन तासांत ३५ वर जाते. ही वर-खाली सतत होत असेल तर एसीच्या खोलीत फक्त स्नेक प्लांट आणि झेडझेड ठेवावेत. एसीच्या तोंडाखाली तर तेही नकोत.

उन्हाळ्यात खत नाही, कुंडी बदलणं नाही, छाटणी नाही. झाड जगण्यात गुंतलेलं असतं, त्याला वाढीचा आग्रह करू नये. आणि आंबे पिकायला घातलेत त्या खोलीत झाडं ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो, तो बंद खोलीत साचला की पानं पिवळी पडून गळतात. तापमानाशी याचा थेट संबंध नाही, पण जूनमध्ये दोष नेहमी उन्हालाच दिला जातो.

पावसाळा

पहिले दोन-तीन पाऊस झाले आणि रात्री २६-२७ वर आल्या की झाडं स्वतःची काळजी स्वतः घेतात. त्यांना थोडी मोकळी हवा आणि पंख्याचा हलका वारा एवढंच पुरे. कूलर बंद करा. दमट हवेत तो गारवा देत नाही, फक्त बुरशीला आमंत्रण. कुंडी बदलायची, खत द्यायचं, फांद्या लावायच्या तर जुलै-ऑगस्ट. गणपतीच्या सजावटीत झाडं ठेवता तेव्हा दिव्यांच्या माळांपासून आणि समईपासून हातभर लांब ठेवा.

हिवाळा: किमान १५ झालं की हाक

तारखेवर जाऊ नका, किमान तापमानावर जा. बाल्कनीत किंवा चौकात तापमापकावर रात्रीचं किमान लागोपाठ तीन दिवस १५ च्या खाली दिसलं की लाडावलेला गट आत. साधारण दिवाळीनंतर हे होतं. १२ दिसलं की मधला गट. डिसेंबर लागेपर्यंत काटक झाडंही आत, निदान रात्री.

आत आणल्यावर उन्हाळ्याचे नियम उलटे करायचे. आता दक्षिणेची खिडकी सगळ्यात चांगली, कारण थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ऊन खोलवर आत येतं. वरच्या मजल्यावरची ती तापट खोली आता कामाची. दगडी फरशी आता शत्रू: कुंडीखाली जेवायचा जुना लाकडी पाट, थर्माकोलचा तुकडा किंवा चार पदरी गोणपाट घाला. मातीची दुहेरी कुंडी काढून टाका, कारण ओली माती आता मुळांना गारठवते. उन्हाळ्यातला माठ जानेवारीत कोण वापरतं?

खिडकीपाशी ठेवलेली झाडं संध्याकाळी पाच वाजता, दिवेलागणीच्या आधी, काचेपासून दोन फूट आत ओढा आणि पडदा झाडाच्या *मागे*, म्हणजे झाड आणि काच यांच्या मधे ओढा, पुढे नाही. माझा ॲग्लोनिमा याच एका गोष्टीने जाता जाता राहिला. जड कुंड्यांना चाकांचा स्टँड केलात तर कंबर वाचते. कडाक्याच्या रात्री, पारा ४-५ वर जाणार अशी बातमी असेल तर, झाडांवर जुनी सुती चादर किंवा पारदर्शक प्लास्टिक काठ्यांच्या आधाराने टाका. पानांना ते चिकटू देऊ नका आणि सकाळी आठवणीने काढा.

पाण्याबद्दल जरा थांबून बोलते, कारण हिवाळ्यात घरातली झाडं थंडीपेक्षा पाण्याने जास्त जातात. माती गार झाली की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. माती ओली असूनही पान मान टाकतं. आपण म्हणतो, सुकतंय, आणि अजून पाणी घालतो. गार चिखलात मुळं कुजतात आणि फेब्रुवारीत ऊब आली की झाड अचानक बसतं. लोकांना वाटतं उन्हाने गेलं. प्रत्यक्षात ते जानेवारीतच गेलेलं असतं. म्हणून कोहऱ्याच्या दिवसांत, सूर्य चार-चार दिवस दिसत नाही तेव्हा, पाणी अगदी कमी. मनी प्लांटला दहा-बारा दिवसांनी, स्नेक प्लांटला महिन्याने एकदा दिलं तरी चालतं. वेळ सकाळी दहा-अकराची. आणि टाकीतलं बर्फासारखं पाणी नको. बोरिंग असेल तर थंडीत जमिनीतून नुकतं आलेलं पाणी कोमट असतं, तेच वापरा. नसेल तर आदल्या रात्री बादली स्वयंपाकघरात ठेवा. पीस लिलीसारख्यांना हातावर घेऊन ‘गार नाही, गरमही नाही’ असं वाटेल तेच पाणी.

हीटर लावताच तर झाड त्याच्यापासून पाच फूट तरी लांब. लाल रॉडवाला आणि ब्लोअर हवा कोरडी-गरम करतात आणि एकाच बाजूची पानं भाजतात. तेलाचा हीटर त्यातल्या त्यात सौम्य. जवळ पाण्याचं पसरट भांडं ठेवा. शेगडीबद्दल मात्र झाडाचा विचार नंतर: बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवून झोपू नका. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि दर थंडीत माणसं दगावतात.

हिवाळ्यात ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरतो, त्या दिवसांत झाडं घ्यायचा मोह होतो. नर्सरीतल्या हिरव्या जाळीखालून, कधी प्लास्टिकच्या उबदार आडोशातून आलेलं झाड स्कूटरवर पुढे धरून शहराच्या मुरार भागापर्यंत नेलं की ८ अंशांचा वारा वीस मिनिटं पानांवर. घरी पोचतं तेव्हा छान दिसतं. काळे डाग दोन दिवसांनी येतात. घ्यायचंच तर भर दुपारी घ्या, वर्तमानपत्रात शेंड्यापासून कुंडीपर्यंत गुंडाळून आणा.

काही बिघडलं तर

पानांच्या कडा आणि टोकं तपकिरी, कुरकुरीत: हवा गरम-कोरडी, किंवा पंख्या-एसीचा झोत. जागा बदला, तपकिरी कड परत हिरवी होत नाही, कात्रीने कापली तर फक्त बरी दिसते. मधोमध फिकट, पांढुरका डाग, उन्हाच्या बाजूलाच: भाजलंय. एकाएकी काळपट, पाणी भरल्यासारखे डाग, काचेच्या किंवा दाराच्या बाजूला: थंडी लागलीय.

थंडी लागलेल्या झाडाला बाहेरून गरम करायला जाऊ नका. हीटरजवळ नेलंत तर उरलेलंही जाईल. १८-२० अंशांच्या खोलीत, मंद उजेडात ठेवा, पाणी थांबवा, आणि काळी पानं लगेच काढायची घाई करू नका. पूर्ण मऊ झाली तीच काढा. खोड दाबून पाहा. टणक असेल तर झाड जिवंत आहे. माझ्या ॲग्लोनिमाचे दोन दांडे मऊ पडले होते, तिसरा टणक होता. तो तसाच ठेवला, महिनाभर जवळजवळ कोरडा. होळीच्या आदल्या आठवड्यात मातीतून पेन्सिलच्या टोकाएवढं गुंडाळलेलं पान वर आलं. ते झाड आता जिन्याच्या वळणावर असतं. तिथे मे आणि जानेवारी, दोन्ही वेळा मी मोजलंय: उन्हाळ्यात ३१, हिवाळ्यात १६. घरातली सगळ्यात चांगली जागा तीच निघाली, आणि तिथे इतकी वर्षं आम्ही चपला ठेवत होतो.